बी.ए. झाल्यावर कायदा शिकायचा आहे? अर्जापासून सनदेपर्यंतची वाट

मराठी आणि इतिहास हे विषय घेऊन मी बी.ए. झाले. त्यानंतरची अकरा वर्षे संसार आणि एका पतसंस्थेतील नोकरी यांत गेली आणि मग मी तीन वर्षांच्या एलएल.बी.ला प्रवेश घेतला. या सगळ्या प्रवासात अभ्यासाने मला फारसे छळले नाही. छळले ते दाखल्यांनी, मुदतींनी आणि वेळ निघून गेल्यावरच कळणाऱ्या नियमांनी. सीईटीत, म्हणजे प्रवेश परीक्षेत, उत्तम गुण मिळवूनही एका प्रमाणपत्रापायी खुल्या वर्गात ढकलली गेलेली मुले मी पाहिली आहेत, म्हणून हा लेख लिहीत आहे. तो मुख्यतः महाराष्ट्रातील प्रवेशप्रक्रियेविषयी आहे आणि भाषा, संस्कृती किंवा इतिहास शिकून कायद्याकडे वळू पाहणाऱ्यांना डोळ्यांपुढे ठेवून लिहिला आहे. अशा विद्यार्थ्यांना वाटते की आपण परक्या मुलखात चाललो आहोत. प्रत्यक्षात जुन्या दस्तऐवजातील एका शब्दावर तासभर घासाघीस करण्याची सवय ज्याला लागली आहे, त्याची अर्धी तयारी आधीच झालेली असते. उरलेली अर्धी खाली सांगते.

१. आधी आपण पात्र आहोत का, ते पाहा

कायद्याच्या पदवीला दोन वाटा आहेत. बारावीनंतर पाच वर्षांचा एकत्रित अभ्यासक्रम आणि कोणत्याही शाखेच्या पदवीनंतर तीन वर्षांचा एलएल.बी. वकिलीच्या सनदेसाठी, म्हणजे परवान्यासाठी, दोन्ही पदव्यांचे मोल सारखेच आहे. तीन वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी बार कौन्सिल ऑफ इंडिया या वकिली व विधी शिक्षणाचे नियमन करणाऱ्या संस्थेच्या २००८ च्या विधी शिक्षण नियमांप्रमाणे पदवीला खुल्या प्रवर्गात किमान ४५ टक्के, इतर मागासवर्गासाठी ४२ टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी ४० टक्के गुण लागतात. वयाची चिंता करू नका. माझ्या वर्गात सेवानिवृत्त फौजदार होते आणि पहिल्या बाकावर बसत होते.

इथे तीन खड्डे आहेत आणि तिन्ही असे आहेत की त्यात पडल्याचे माणसाला फार उशिरा कळते.

पहिला खड्डा मुक्त विद्यापीठाच्या पदवीचा. मुक्त किंवा दूरशिक्षणाने घेतलेली पदवी चालते, पण तिच्याआधी दहावी आणि बारावी रीतसर झालेली असली पाहिजे. बारावी न करता पूर्वतयारी अभ्यासक्रमाच्या आधारे थेट पदवीला बसलेल्या व्यक्तीला हे नियम अपात्र ठरवतात. सीईटीचा अर्ज भरताना संगणक तुम्हाला अडवीलच असे नाही. अडचण कागद तपासताना उभी राहते.

दुसरा खड्डा पत्राद्वारे एलएल.बी.चा. ‘घरबसल्या कायद्याची पदवी’ अशी जाहिरात दिसली तर पुढे वाचण्याचीही तसदी घेऊ नका. वकिलीसाठीची एलएल.बी. ही नियमित, वर्गात बसून करायची पदवी आहे आणि दूरशिक्षणाच्या पदवीवर सनद मिळत नाही.

तिसरा खड्डा एकाच वेळी दोन पदव्यांचा. एलएल.बी. करत असताना दुसरी नियमित पदवी करण्यास बार कौन्सिलचे नियम मनाई करतात. भाषेचा किंवा संगणकाचा अल्पमुदतीचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम आणि विद्यापीठाच्या दूरशिक्षण केंद्राचा अभ्यासक्रम यांना मात्र त्यात सूट आहे. तेव्हा मोडी लिपीचा वर्ग किंवा दूरशिक्षणाने मराठीचे एम.ए. सोबत करायचे असेल तर खुशाल करा. मोडीचा उपयोग तर जमिनीच्या दाव्यांत अनपेक्षितपणे होतो.

२. सीईटी : अर्ज नीट भरा, इंग्रजीला घाबरू नका

महाराष्ट्र राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्ष, म्हणजे आपण ज्याला सीईटी सेल म्हणतो, तो ही परीक्षा घेतो. पाच वर्षांच्या आणि तीन वर्षांच्या अभ्यासक्रमांच्या सीईटी वेगवेगळ्या आहेत आणि अर्जाच्या पानावर त्यांची नावे एकाखाली एक दिसतात. घाईत चुकीचा अर्ज भरून शुल्क भरणारे दरवर्षी निघतात. पदवीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्यांनाही परीक्षेला बसता येते.

परीक्षा संगणकावर होते, वेळ दोन तास असतो, चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. पूर्वी १५० प्रश्न असत, ते अलीकडे १२० करण्यात आले, त्यामुळे जुन्या प्रश्नसंचांवर वेळ लावून सराव करताना हा हिशेब बदलून घ्या. विधी अभिक्षमता, सामान्यज्ञान व चालू घडामोडी, तार्किक क्षमता आणि इंग्रजी असे चार भाग असतात. इंग्रजीचा भाग वगळता प्रश्न मराठीतही दिसतात. इंग्रजीचे वजन सर्वांत जास्त असते हे खरे, पण ते शालेय व्याकरणाचे आणि उताऱ्याचे इंग्रजी आहे. रोज एक संपादकीय मोठ्याने वाचून त्यातील अडलेले शब्द वहीत उतरवण्याचा साधा उपाय मला दोन महिन्यांत पुरेसा लागू पडला. इतिहासाच्या विद्यार्थ्यांना सामान्यज्ञानात आणि राज्यघटनेवरील प्रश्नांत आघाडी मिळते, तिचा पुरेपूर फायदा घ्या. नकारात्मक गुण नसल्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडणे म्हणजे हातचे गुण टाकून देणे होय.

३. कागदपत्रे : खरी परीक्षा इथे असते

सीईटीचा निकाल लागण्याची वाट न पाहता, परीक्षेचा अर्ज भरला त्याच आठवड्यात ही फाइल तयार करायला घ्या.

– दहावी व बारावीच्या गुणपत्रिका आणि प्रमाणपत्रे
– पदवीच्या प्रत्येक वर्षाच्या किंवा सत्राच्या गुणपत्रिका, नापास होऊन पुन्हा दिलेल्या विषयांच्या गुणपत्रिकांसह
– पदवी प्रमाणपत्र, ते अजून मिळाले नसल्यास तात्पुरते प्रमाणपत्र
– श्रेणी पद्धत असल्यास टक्केवारीत रूपांतर दाखवणारे विद्यापीठाचे पत्र
– शाळा किंवा महाविद्यालय सोडल्याचा दाखला
– अधिवास प्रमाणपत्र, म्हणजे डोमिसाईल
– लागू असेल तर जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र आणि नॉन-क्रीमीलेयर
– आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकातून अर्ज असेल तर त्याचे प्रमाणपत्र
– शिक्षणात खंड पडला असेल तर त्याचे प्रतिज्ञापत्र
– पदवी दुसऱ्या विद्यापीठाची असेल तर स्थलांतर प्रमाणपत्र
– आधार कार्ड, छायाचित्रे, सीईटीचे गुणपत्रक

यादी सरळ दिसते, पण तिच्यातील जवळजवळ प्रत्येक ओळीला एक शेपूट आहे. नॉन-क्रीमीलेयर प्रमाणपत्राची मुदत ३१ मार्चला संपते आणि प्रवेशाच्या वर्षानंतरच्या ३१ मार्चपर्यंत वैध असलेले प्रमाणपत्र मागितले जाते. म्हणजे मागल्या वर्षी काढलेले, कपाटात जपून ठेवलेले प्रमाणपत्र कामाला येईलच असे नाही. आर्थिक दुर्बल घटकाचे प्रमाणपत्र केंद्राच्या नमुन्यातील वेगळे आणि राज्याच्या नमुन्यातील वेगळे असते. इथे राज्याचे हवे. जात वैधतेचा अर्ज जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समितीकडे करावा लागतो आणि आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या नोंदी शोधण्यातच महिने जातात, म्हणून ते काम सर्वांत आधी हाती घ्या. गावच्या शाळेच्या जुन्या जनरल रजिस्टरमधील नोंद मोडीत असेल तर तिचे लिप्यंतरही करून घ्यावे लागते.

शाळा सोडल्याचा मूळ दाखला एकदा महाविद्यालयात जमा झाला की तो परत मिळवणे हे एक स्वतंत्र प्रकरण होते. जमा करण्यापूर्वी त्याच्या चार-पाच साक्षांकित प्रती आणि एक स्वच्छ स्कॅन करून ठेवा.

आता नावाविषयी. माझ्या सगळ्या गुणपत्रिकांवर माहेरचे नाव, आधारवर सासरचे आणि सीईटीच्या अर्जात मी आधारप्रमाणे सासरचेच नाव लिहिलेले. पडताळणीच्या टेबलावरील लिपिकांनी पदवीची गुणपत्रिका आणि सीईटीचे गुणपत्रक शेजारी शेजारी ठेवले, पेनाचे टोक आधी आडनावावर टेकवले, मग वडिलांच्या नावाच्या जागी आलेल्या नवऱ्याच्या नावावर टेकवले आणि शांतपणे विचारले, “मॅडम, या दोन बायका एकच, हे कशावरून?” उत्तर माझ्याकडे होते, पण ते विवाह नोंदणीच्या दाखल्याच्या रूपात घरच्या पेटीत होते आणि घर चार तासांवर. मुदत दुसऱ्या दिवशी दुपारी संपत होती. रात्रीच्या एस.टी.ने जाऊन सकाळच्या एस.टी.ने परत आले, तेव्हा प्रवेश वाचला.

विवाहित स्त्रियांनी सीईटीचा अर्ज शक्यतो गुणपत्रिकांवर असलेल्या नावानेच भरावा आणि विवाह नोंदणीचा दाखला किंवा नावबदलाचे राजपत्र फाइलमध्ये पहिल्या पानावर ठेवावे. हा गोंधळ केवळ स्त्रियांचाच आहे असे नाही. एका गुणपत्रिकेवर आडनाव आधी, दुसरीवर शेवटी, तिसरीत वडिलांच्या नावाचे फक्त आद्याक्षर, आणि इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक अक्षर कमी-जास्त, अशी नावे निम्म्या वर्गाची असतात. असा फरक दिसला तर ‘या दोन्ही नावांची व्यक्ती मीच’ असे प्रतिज्ञापत्र आधीच करून ठेवा.

४. सीईटी दिली म्हणजे प्रवेशाचा अर्ज झाला असे नाही

हा गैरसमज इतका पसरलेला आहे की त्याला स्वतंत्र मथळा द्यावा लागला. सीईटीची नोंदणी वेगळी आणि केंद्रीभूत प्रवेशप्रक्रियेची, म्हणजे कॅपची, नोंदणी वेगळी. तिचे शुल्क वेगळे, तिची मुदत वेगळी. निकाल लागल्यावर सीईटी सेलच्या संकेतस्थळावर कॅपचा अर्ज भरून सगळी कागदपत्रे चढवावी लागतात. त्यांची ऑनलाइन छाननी होते आणि त्रुटी असेल तर अर्ज परत पाठवला जातो. परत आलेला अर्ज दुरुस्त करून पुन्हा सादर करायचा असतो. अर्ज परत आल्याचा निरोप मोबाइलवर येईल या भरवशावर राहू नका. छाननीच्या काळात रोज संध्याकाळी स्वतः लॉग-इन करून स्थिती पाहा.

त्यानंतर तात्पुरती गुणवत्ता यादी लागते. तिच्यात स्वतःचा प्रवर्ग, पदवीचे गुण आणि अधिवासाची नोंद बारकाईने तपासा, कारण हरकत घेण्यासाठी मोजके दिवस असतात आणि अंतिम यादी लागल्यावर कोणी ऐकून घेत नाही. पुढे महाविद्यालयांचा पसंतीक्रम भरायचा असतो आणि फेऱ्यांमधून जागा मिळत जातात. पसंतीक्रम भरताना ‘आपल्याला कुठे मिळेल’ असा अंदाज बांधून वरच्या महाविद्यालयांची नावे गाळू नका. जिथे खरोखर जायचे आहे ते सर्वांत वर, मग दुसरे, मग तिसरे, असा मनातला क्रम जसाच्या तसा उतरवा. मात्र ज्या महाविद्यालयात जागा मिळाली तरी तुम्ही जाणार नाही, त्याचे नाव यादीत शोभेसाठीही लिहू नका; मिळालेली जागा नाकारल्याचे परिणाम पुढच्या फेऱ्यांवर होतात. ते नेमके कोणते, हे त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत दिलेले असते. ती पुस्तिका कंटाळवाणी असते, तरीही पूर्ण वाचा. पुढे तीन वर्षे असलेच मजकूर वाचायचे आहेत.

५. महाविद्यालय निवडताना

नाव मोठे असलेल्या संस्थांना मागणी असणारच. मुंबईचे शासकीय विधी महाविद्यालय १८५५ मधले, तिथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर प्राचार्य होते, पुण्याचे आय.एल.एस. १९२४ मधले. पण माझा सल्ला असा की यादीतील मोठ्या नावांच्या खाली उतरल्यावर नावापेक्षा चार गोष्टी पाहा: बार कौन्सिलची मान्यता चालू वर्षासाठी आहे का, संस्था शासकीय, अनुदानित की विनाअनुदानित आहे, वर्ग किती वाजता भरतात, आणि जिल्हा न्यायालय तिथून किती लांब आहे. शेवटची गोष्ट कोणी विचारात घेत नाही. दुपारी वर्ग सुटल्यावर चालत न्यायालयात जाता आले तर तीन वर्षांत जे कानावर पडते ते दूरच्या चकचकीत इमारतीत बसून मिळत नाही.

गोव्यात राहणाऱ्यांनी तिथल्या मिरामार आणि मडगावच्या विधी महाविद्यालयांचा विचार जरूर करावा. गोव्यात कौटुंबिक बाबींना पोर्तुगीज काळातील १८६७ च्या दिवाणी संहितेचा आधार आजही आहे, आणि तिथेच वकिली करायची असेल तर ती तिथल्या शिक्षकांकडूनच शिकलेली बरी.

६. शुल्क आणि सवलती

विनाअनुदानित खासगी संस्थांचे शुल्क राज्याचे शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते. त्याहून अधिक रक्कम मागितली गेल्यास पावती मागा, बोलणे बहुधा तिथेच थांबते. शिष्यवृत्ती आणि शुल्क प्रतिपूर्तीचे अर्ज महाडीबीटी संकेतस्थळावर भरावे लागतात. शासनाच्या ८ जुलै २०२४ च्या निर्णयाने आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातील, आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण व परीक्षा शुल्काची पूर्ण सवलत मिळाली आहे. तिची मेख अशी की प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला असावा लागतो. म्हणून ‘कॅपच्या भानगडीत पडू नका, आमच्या संस्थास्तरावरील जागेवर या’ असे कोणी सांगितले तर आधी ही सवलत जाईल का, एवढे विचारा.

७. पहिले सत्र : कलम कसे वाचावे

पहिल्या महिन्यात नोट्सच्या झेरॉक्सच्या दुकानाकडे न जाता मूळ कायदा, ज्याला सगळे बेअर ॲक्ट म्हणतात, तो विकत घ्या. केंद्राचे सगळे कायदे इंडिया कोडच्या संकेतस्थळावर फुकट आहेत, पण पेन्सिलीने खुणा करायला छापील प्रत हवी.

भाषेच्या विद्यार्थ्याला इथे पहिला धक्का बसतो तो असा. भारतीय संविदा अधिनियम, १८७२ याच्या कलम २ मध्ये व्याख्या आहेत आणि त्यांतील एक सांगते की कायद्याने अंमलात आणता येईल असा करार म्हणजे संविदा. म्हणजे प्रत्येक संविदा हा करार असतो, पण प्रत्येक करार संविदा नसतो. आपल्या बोलण्यात दोन्हींना करारच म्हणतात. पहिल्या चाचणीत मी सगळीकडे ‘करार’ लिहिले आणि सरांनी प्रत्येक ‘करारा’खाली लाल रेघ ओढून समासात फक्त ‘कोणता?’ एवढेच लिहिले. त्या दिवसापासून मी प्रत्येक कायद्याच्या व्याख्यांचे कलम आधी वाचते आणि त्या कायद्यात शब्दाला दिलेला अर्थ बाहेरच्या अर्थापासून वेगळा आहे का, ते पाहते.

कलम वाचताना चार गोष्टी वेगवेगळ्या करायला शिका: मुख्य नियम, ‘परंतु’ने सुरू होणारे परंतुक, स्पष्टीकरण आणि उदाहरण. नियमाने जे दिले ते परंतुक कधी काढून घेते, कधी त्याला कुंपण घालते. परीक्षेतील निम्मे प्रश्न त्या कुंपणावरच बेतलेले असतात. ‘करील’ आणि ‘करू शकेल’ यांतील फरकावर अख्खे निकाल फिरलेले आहेत.

याच अधिनियमातील जामिनाचे प्रकरण वाचताना माझी झोप उडाली होती. पतसंस्थेत अकरा वर्षे मी कर्जाच्या अर्जावर जामीनदारांच्या सह्या घेत होते आणि ‘काका, नुसती सही हो, तुम्हाला काही भरायचे नाही’ हे वाक्य कानांवर पडत होते, कधी मीही ते बोलले असेन. कलम १२८ सांगते की संविदेत वेगळे ठरले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ ऋणकोइतकीच असते. तुमच्याही नोकरीत, शेतीत, घरात अशी कलमे दबा धरून बसलेली असतील; ती शोधा, पाठांतराची गरज उरणार नाही.

इतिहासाच्या विद्यार्थ्याचे हत्यार म्हणजे तारीख. वडिलोपार्जित मालमत्तेतील मुलीचा हिस्सा हा प्रश्न घ्या. महाराष्ट्राने हिंदू उत्तराधिकार कायद्यात केलेली दुरुस्ती २२ जून १९९४ पासून लागू झाली आणि तिने त्या तारखेपूर्वी लग्न झालेल्या मुलींना वगळले. केंद्राची दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ पासून आली, तिने लग्नाची अट ठेवली नाही. मग त्या दिवशी वडील हयात असणे आवश्यक आहे का, यावर वेगवेगळे निकाल येत राहिले आणि सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा प्रकरणात ते आवश्यक नाही असे ठरवले. या तीन तारखांची एक आडवी रेघ वहीत काढून तिच्यावर पक्षकाराच्या घरातील लग्न, मृत्यू आणि वाटणी मांडली की निम्मे उत्तर रेघेवरच दिसते.

जुन्या पुस्तकांपासून सावध राहा. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहिता, फौजदारी प्रक्रिया संहिता आणि पुरावा कायदा यांच्या जागी भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष अधिनियम आले. खुनाच्या शिक्षेचे ३०२ आता न्याय संहितेत १०३ आहे, आणि ज्या ४२० ने आपल्या बोलीत विशेषणाची जागा मिळवली ते ३१८ मध्ये गेले आहे. म्हणून सीनियरकडून निम्म्या किमतीत मिळणारे गठ्ठे फौजदारी विषयांसाठी घेऊ नका. तरीही दंड संहिता पार विसरून चालणार नाही, कारण १ जुलै २०२४ पूर्वी घडलेल्या गुन्ह्यांना तीच लागू होते आणि तसे खटले अजून अनेक वर्षे चालणार आहेत.

८. मराठीतून शिकावे की इंग्रजीतून?

माझे उत्तर असे की समजून मराठीतून घ्या आणि संज्ञा दोन्ही भाषांत पाठ ठेवा. परीक्षेत मराठीतून उत्तरे लिहिण्याविषयी तुमच्या विद्यापीठाचे परिपत्रक काय सांगते ते प्रवेशाच्या आठवड्यातच पाहा, कारण काही विषयांना, विशेषतः कायद्याच्या भाषेच्या विषयाला, वेगळा नियम असू शकतो. मराठीत लिहिताना स्वतःच्या मनाने प्रतिशब्द घडवू नका. भाषा संचालनालयाचा न्याय व्यवहार कोश वापरा.

महाराष्ट्रात जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा मराठी असल्याची अधिसूचना २१ जुलै १९९८ ची आहे. उच्च न्यायालयात राज्यघटनेच्या अनुच्छेद ३४८ मुळे इंग्रजी चालते. म्हणजे तालुक्याला वकिली करणाऱ्याला वादपत्र, कैफियत, मनाई हुकूम, हुकूमनामा, सरतपास, उलटतपास, फेरतपास, हक्कसोडपत्र, फेरफार हे शब्द तोंडात बसलेले हवेत आणि अपिलाला वर जाणाऱ्याला तेच सगळे इंग्रजीत मांडता यायला हवे. ‘कैफियत’ हा शब्द इतिहासाच्या विद्यार्थ्याला गावांच्या जुन्या हकिकतींमुळे ओळखीचा असतो. न्यायालयात कैफियत म्हणजे प्रतिवादीने वादपत्राला दिलेले लेखी उत्तर, आणि ते समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांत द्यायचे असते, न्यायालयाने मुदत वाढवली तर नव्वद दिवसांपर्यंत. शब्द ओळखीचा असला तरी त्याच्यामागे आता मुदत लागली आहे, हे लक्षात ठेवा.

सर्वोच्च न्यायालयाचे निकाल ई-एससीआर या संकेतस्थळावर मोफत वाचता येतात आणि त्यांतील काहींची मराठी भाषांतरेही तिथे आहेत. आधी मराठी वाचून मग त्याच निकालाचे इंग्रजी वाचण्याने माझी कायद्याची इंग्रजी सुधारली. शिकवणीच्या वर्गांवर मी एक पैसाही खर्च केला नाही.

९. हजेरी आणि इंटर्नशिप

बार कौन्सिलच्या नियमांप्रमाणे हजेरी ७० टक्के लागते. नोकरी करणाऱ्यांना ‘हजेरीचे बघून घेऊ’ असे आश्वासन देणारे भेटतात. अशा आश्वासनावर तीन वर्षे आणि पदवी टांगणीला लावू नका. सकाळचे वर्ग असलेले महाविद्यालय निवडून, नोकरीची वेळ बदलून घेणे अवघड असले तरी तोच धड मार्ग आहे.

तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान बारा आठवड्यांची इंटर्नशिप असते. ती नावापुरती उरकून फक्त पत्र आणणारे आहेत, पण तुमचा वकिलांच्या घराण्याशी संबंध नसेल तर ओळखी होण्याची हीच जागा आहे. मी पहिले दोन आठवडे केवळ प्रकरणांच्या फाइलींना सुतळी बांधत आणि तारखा डायरीत चढवत होते. तिसऱ्या आठवड्यात एका वाटणीच्या दाव्यात मोडीतील जुने खरेदीखत निघाले, तेव्हा सगळे कार्यालय माझ्याकडे बघू लागले. मला मोडी जेमतेमच येत होती आणि पुराव्यासाठी अधिकृत लिप्यंतरच लागते, पण चतुःसीमेतील ओढ्याचे नाव मी वाचू शकले आणि त्यानंतर सुतळी दुसऱ्या कोणाच्या हातात गेली.

१०. पदवीनंतर : सनद आणि अखिल भारतीय बार परीक्षा

निकाल लागल्यावर बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाकडे नोंदणीचा अर्ज करायचा. पूर्वी नोंदणीच्या नावाखाली राज्याराज्यांत हजारो रुपये घेतले जात. सर्वोच्च न्यायालयाने ३० जुलै २०२४ रोजी निर्णय दिला की ॲडव्होकेट्स ॲक्ट, १९६१ च्या कलम २४ मध्ये लिहिल्यापेक्षा, म्हणजे सर्वसाधारण उमेदवाराकडून ७५० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवाराकडून १२५ रुपये यांपेक्षा, अधिक नोंदणी शुल्क घेता येणार नाही. मुद्रांक शुल्क त्याहून वेगळे.

सनदेबरोबरच अखिल भारतीय बार परीक्षाही उत्तीर्ण व्हावी लागते. तिच्यात बहुपर्यायी १०० प्रश्न असतात. उत्तीर्ण होण्यासाठी खुल्या आणि इतर मागास प्रवर्गाला ४५ टक्के, अनुसूचित जाती-जमातींना ४० टक्के गुण लागतात. सोबत टिपणे न लिहिलेला बेअर ॲक्ट नेता येतो. सत्रभर पेन्सिलीने रंगवलेली प्रत तिथे चालत नाही, त्यामुळे एक कोरा संच वेगळा ठेवा.

नोकरदारांनी आणखी एक नियम ध्यानात ठेवावा. पूर्ण वेळ पगारी नोकरी करत असताना वकिली करता येत नाही. पतसंस्थेचा राजीनामा मंजूर झाल्याचे पत्र हाती आल्यावरच मी नोंदणीचा अर्ज भरला.

त्या अर्जातही पहिला रकाना नावाचाच आहे. एलएल.बी.च्या पदवी प्रमाणपत्रावर जे नाव आहे तेच तिथे लिहा आणि विवाह नोंदणीचा दाखला या वेळीही सोबत न्या. माझा मी पहिल्या पानावर ठेवला होता. खिडकीपलीकडच्या बाईंनी तो पाहिला, शिक्का मारला आणि काहीही न विचारता पुढचा कागद मागितला.